नवा मोडेम, जुन्या शाखा: एका नागरी सहकारी बँकेतील डायल-अप जोडणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २००१ सालच्या पावसाळ्यातले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या गावी होते आणि बहुतेक शाखा तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांत होत्या. बँकेचे, गावांचे आणि संबंधित व्यक्तींचे उल्लेख मुद्दाम टाळले आहेत. शाखेचे रोजचे काम शाखेतल्याच संगणकावर चाले. संध्याकाळी डे-एन्ड (दिवसाचा हिशेब बंद) झाला की दिवसभराच्या व्यवहारांची फाइल झिप करून तिथला कर्मचारी मोडेमवरून, म्हणजे संगणकाची माहिती टेलिफोन लाइनवरून पाठवणाऱ्या उपकरणावरून, मुख्य कार्यालयाच्या युनिक्स सर्व्हरला फोन लावी. लॉगिन झाले की झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या ठरावीक पद्धतीने ती जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयात सर्व शाखांची एकत्रित खतावणी तयार असे.

शाखांमधले मोडेम एका वेळी घेतलेले नव्हते. शाखा जशी उघडली तशी त्या वेळी बाजारात मिळणारी वस्तू घेतली गेली होती. सर्वांत जुन्या दोन शाखांत व्ही.२२ बिस प्रकारचे २४०० बीपीएसचे (सेकंदाला २४०० बिट पाठवणारे) मोडेम होते आणि त्यांत एरर करेक्शनची, म्हणजे लाइनवरच्या चुका आपोआप दुरुस्त करण्याची, सोय नव्हती. बहुतेक शाखांत व्ही.३२ बिस प्रकारचे १४,४०० बीपीएसचे मोडेम होते. एका शाखेतल्या मोडेमच्या खोक्यावर २८,८०० असा आकडा छापलेला होता. अलीकडे उघडलेल्या शाखांत व्ही.९० प्रकारचे, म्हणजे बोलीभाषेत 'छप्पन के'चे मोडेम होते. मुख्य कार्यालयात दोन टेलिफोन लाइनवर १४,४०० बीपीएसचे दोन बाहेरचे मोडेम वर्षानुवर्षे चालू होते आणि सर्व शाखा त्यांच्याशीच बोलत असत. त्यांच्यात कोणती सेटिंग्ज साठवलेली आहेत, याची नोंद कुठेही नव्हती.

समस्या

वळवाच्या एका पावसात वीज कडाडली आणि मुख्य कार्यालयातला एक मोडेम जळाला. १४,४०० चा मोडेम तोवर दुकानात मिळेनासा झाला होता, म्हणून व्ही.९० प्रकारचे दोन नवे मोडेम आणले गेले. एकसारखेपणा राहावा म्हणून जळालेल्याबरोबर चांगला चालणारा दुसरा मोडेमही त्याच दिवशी काढून कपाटात ठेवला गेला. नवे मोडेम फॅक्टरी सेटिंगवरच जोडले. फक्त आपोआप फोन उचलण्यासाठी एस० रजिस्टरमध्ये (मोडेममधल्या एका सेटिंगच्या जागेत) ३ ही संख्या भरली, म्हणजे तिसऱ्या रिंगला उत्तर मिळेल. सर्व्हरच्या सिरिअल पोर्टचा (मोडेमची केबल जिथे जोडतात तिथला) वेग ३८,४०० बीपीएस असा कायम केला.

त्या संध्याकाळपासून तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या एकसारख्या नव्हत्या. २४०० च्या शाखांतून जोडणीच होईना. तिथल्या लिपिकाने फोनवर सांगितले ते जसेच्या तसे असे: "साहेब, शिट्टी येते, मग खरखर येते, आणि एकदम सगळं बंद. पडद्यावर नो कॅरिअर." म्हणजे समोरच्या मोडेमचा सिग्नल मिळालेला नाही. १४,४०० च्या शाखांत कनेक्ट हा संदेश येई, पण लॉगिनच्या जागी चित्रविचित्र अक्षरे उमटत. काही वेळा लॉगिन होई आणि फाइल मध्येच अडके. २८,८०० च्या मोडेमची जोडणी होई, पण वेग १४,४०० च्या वर जाईना, आणि 'नवा मोडेम लावूनही उपयोग नाही' अशी त्या शाखेची तक्रार होती. छप्पन केच्या शाखांपैकी एका शाखेची जोडणी चढ्या वेगाने होई आणि दर थोड्या वेळाने फाइल थबके.

फाइल पोहोचली नाही की ती फ्लॉपीवर घेऊन कर्मचाऱ्याला सकाळच्या पहिल्या एसटीने पाठवावे लागे. एखादी फ्लॉपी मुख्य कार्यालयात वाचलीच गेली नाही की त्या शाखेची खतावणी दिवसभर अपुरी राही. त्यामुळे लवकर निर्णय व्हावा, असा व्यवस्थापनाचा दबाव होता आणि तो योग्यच होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्व शाखांत छप्पन केचे मोडेम घेण्याचा होता. पुरवठादाराचा आग्रह याच पर्यायाला होता आणि संचालक मंडळाचाही कल तिकडे होता. हा पर्याय बाजूला का ठेवला, ते सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी गैरसमज नेमका इथेच होत असे.

व्ही.९० चा चढा वेग दोन साध्या मोडेमांमध्ये कधीच मिळत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाजाचे दर सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडला जातो. या रूपांतरात जी सूक्ष्म काटछाट होते तिचा गोंगाट सिग्नलमध्ये कायमचा मिसळतो. सेवा देणाऱ्या बाजूची यंत्रणा एक्स्चेंजला थेट डिजिटल लाइनने जोडलेली असेल, तर तिच्याकडून ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेत हे रूपांतर टळते, व्ही.९० ची सगळी करामत त्यावर उभी आहे. बँकेच्या मुख्य कार्यालयात दोन्ही साध्या लाइन होत्या. म्हणून दोन्ही टोकांना छप्पन केचे मोडेम असले तरी ते व्ही.३४ या आधीच्या पद्धतीवर उतरणार आणि जास्तीत जास्त ३३,६०० बीपीएस देणार, हे आधीच ठरलेले होते.

आता या वेगाचा फायदा किती, ते पाहू. एका मध्यम शाखेची झिप केलेली फाइल सुमारे ३०० केबीची असे. २४०० बीपीएसवर सेकंदाला २४० अक्षरे जातात, म्हणजे तिला एकवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागे. १४,४०० वर एरर करेक्शनसह तीच फाइल तीन मिनिटांत जाई. ३३,६०० वर सर्व काही उत्तम असेल तर दीड मिनिटाच्या आत जाई. एसटीडीच्या बिलात खरा फरक पडणार होता तो २४०० वरून वर चढल्यावर. १४,४०० चे चांगले चालणारे मोडेम फेकून देऊन दीड-दोन मिनिटे वाचवण्यासाठी एवढा खर्च करणे समर्थनीय नव्हते.

दुसरा पर्याय जुन्या बनावटीचा वापरलेला मोडेम शोधून मुख्य कार्यालयात पूर्वीसारखी व्यवस्था करण्याचा होता. तो स्वस्त होता, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता. तिसरा पर्याय दोन्ही नव्या मोडेमांना सेटिंगनेच व्ही.३२ बिसपुरते बांधून टाकण्याचा होता. चौथा पर्याय दोन लाइनचे काम वाटण्याचा होता: एक क्रमांक जुन्या मोडेमांच्या शाखांसाठी आणि दुसरा व्ही.३४ किंवा त्यापुढचे मोडेम असलेल्या शाखांसाठी.

निदान

पर्याय निवडण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे हे पाहणे आवश्यक होते. कपाटात ठेवलेला जुना मोडेम बाहेर काढून त्याच लाइनवर जोडला आणि २४०० च्या एका शाखेला फोन लावायला सांगितले. जोडणी लगेच झाली. लाइन तीच, शाखा तीच, फरक फक्त मुख्य कार्यालयातल्या मोडेमचा. शाखांच्या मोडेमांत बिघाड असल्याची शंका तिथेच मिटली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचे पाऊल हेच होते, आणि तो मोडेम दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला असता तर ते उचलताच आले नसते.

त्यानंतर नवा मोडेम पुन्हा लावला आणि शाखेत मोडेमचा स्पीकर चालू ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत प्रत्येक आवाजाची वेळ लिहून घ्यायला सांगितली. त्या टिपणावरून २४०० च्या शाखांचा प्रश्न उलगडला. जुन्या मोडेमच्या एस७ रजिस्टरमध्ये ३० ही संख्या होती, म्हणजे डायल केल्यापासून ३० सेकंदांत कॅरिअर मिळाला नाही तर तो फोन ठेवून देई. एसटीडीची जोडणी लागेपर्यंत दहाएक सेकंद जात. आपल्याकडची रिंग दर तीन सेकंदांनी येते, आणि तिसऱ्या रिंगला फोन उचलायचा म्हणजे आणखी सात-आठ सेकंद गेले. उचलल्यावर दोन सेकंद शांतता. मग नवा मोडेम २,१०० हर्ट्‌झचा उत्तर-स्वर देई. व्ही.३४ आणि त्यापुढच्या मोडेमांत या स्वराची तीव्रता सेकंदाला १५ वेळा कमी-जास्त होत राहते, आणि तो ऐकून समोरचा मोडेम आपण कोणकोणत्या पद्धती जाणतो ते कळवील अशी अपेक्षा असते. व्ही.२२ बिसच्या मोडेमला ही भाषाच ठाऊक नाही, तो गप्प राहतो. नवा मोडेम काही सेकंद वाट पाहतो, मग व्ही.३२ चा इशारा देऊन पाहतो आणि त्यालाही उत्तर आले नाही की मग व्ही.२२ वर येतो. तोवर घड्याळात सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद झालेले असत. दोन मोडेम एकमेकांना समजू लागत, त्याच क्षणी जुना मोडेम फोन ठेवी. मुख्य कार्यालयातला आधीचा मोडेम पहिल्याच रिंगला उत्तर देई आणि थेट व्ही.३२ पासून सुरुवात करी, त्यामुळे हा प्रश्न पूर्वी कधी आलाच नव्हता.

१४,४०० च्या शाखांत दिसणाऱ्या चित्रविचित्र अक्षरांचे कारण मोडेममध्ये नव्हतेच. पूर्वीचा मोडेम ज्या वेगाने जोडणी होई त्याच वेगावर आपला सिरिअल पोर्टही नेई. सर्व्हरवरचा गेटी हा लॉगिन मागणारा प्रोग्राम म्हणून वेग बदलत राहण्यासाठी मांडलेला होता आणि शाखेच्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एक ब्रेक सिग्नल होता. ब्रेक आला की गेटी पुढच्या वेगावर सरके आणि जुळणारा वेग सापडे. नव्या मोडेमचा पोर्ट ३८,४०० वर कायम होता. पण स्क्रिप्ट जुनीच, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला सर्व्हर दुसऱ्या वेगावर जाई आणि मोडेम पहिल्याच वेगावर राही. पडद्यावर दिसणारा कचरा सर्व्हर आणि त्याच्या शेजारच्या मोडेममधल्या हातभर केबलमध्ये तयार होत होता, आणि सर्व जण शंभर किलोमीटरच्या टेलिफोन लाइनकडे बोट दाखवत होते.

फाइल मध्येच अडकण्याचे कारण फ्लो कंट्रोलचे होते. पोर्टचा वेग लाइनपेक्षा जास्त असला की मोडेमला 'थांब' म्हणता आले पाहिजे. सर्व्हरवर सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू होते. त्यात थांबण्या-चालण्याच्या खुणा म्हणजे साधी अक्षरेच असतात आणि ती झिप फाइलमध्येही येऊ शकतात. नव्या मोडेमला मात्र आरटीएस-सीटीएस या तारांवरून होणारे हार्डवेअर फ्लो कंट्रोल अपेक्षित होते.

२८,८०० च्या मोडेमबाबत बिघाड काहीच नव्हता. तो व्ही.३४ मान्य होण्याआधी निघालेल्या व्ही.एफसी या पद्धतीचा होता. व्ही.३४ ही आंतरराष्ट्रीय शिफारस १९९४ मध्ये आली. तिची वाट न पाहता काही उत्पादकांनी व्ही.एफसीचे मोडेम त्याआधीच बाजारात आणले होते. त्या वेळी दोन्हींचा कमाल वेग सारखा, खोक्यावरचा आकडा सारखा, पण बोलण्याची रीत वेगळी. नव्या मोडेममध्ये व्ही.एफसी नव्हतेच, त्यामुळे दोघांनाही ठाऊक असलेली सर्वांत वरची पद्धत व्ही.३२ बिस ठरली आणि वेग १४,४०० वर थांबला. ती जोडणी पूर्णपणे निर्दोष होती.

केलेली कार्यवाही

सुरुवातीला तिसरा पर्याय लावून पाहिला. दोन्ही नव्या मोडेमांना एटी+एमएस=व्ही३२बी,१,३००,१४४०० ही आज्ञा देऊन ती साठवली. व्ही.३२ बिस आणि त्याखालच्या पद्धतीच वापरायच्या, वरच्या वाटाघाटीत शिरायचे नाही, असा तिचा अर्थ. त्याचबरोबर एस० मध्ये १ भरून पहिल्या रिंगला उत्तर देण्याची सोय केली. जुन्या शाखांची जोडणी सुरळीत झाली. तोटा एवढाच की व्ही.३४ जाणणाऱ्या शाखाही १४,४०० वर आल्या, आणि त्यात बँकेच्या सर्वांत मोठ्या दोन शाखा होत्या, ज्यांच्या फाइली सर्वांत जड असत.

म्हणून चौथा पर्याय स्वीकारला. पहिल्या लाइनवरचा मोडेम व्ही.३२ बिसला बांधलेला ठेवला आणि तो क्रमांक जुन्या शाखांना दिला. दुसरी लाइन व्ही.३४ साठी मोकळी केली. इथे एक निर्णय वादाचा होता. पहिल्या लाइनवर कपाटातला जुना मोडेमच का लावू नये, असे काहींचे म्हणणे होते. तो आता सुट्या राखीव मोडेमसारखा सांभाळावा आणि रोजचे काम बाजारात पुन्हा मिळू शकेल अशाच यंत्रावर बसवावे, असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो.

सर्व्हरवर गेटीची मांडणी बदलून दोन्ही पोर्टवर ३८,४०० हा एकच वेग ठेवला, ब्रेक आला तरी त्याच वेगावर राहील असे केले, आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल दोन्ही बाजूंना चालू केले. शाखांच्या स्क्रिप्टमधून ब्रेक काढला आणि लॉगिनचा शब्द दिसेपर्यंत काहीही पाठवायचे नाही अशी दुरुस्ती केली. ही दुरुस्ती २४०० च्या शाखांसाठी विशेष गरजेची होती. त्यांच्या मोडेममध्ये एरर करेक्शन नसल्याने कनेक्टचा संदेश लगेच येई, पण मुख्य कार्यालयातला मोडेम आणखी काही सेकंद समोरून एरर करेक्शनची चाहूल घेत बसे, आणि त्या वेळात पाठवलेले नाव सर्व्हरपर्यंत पोहोचतच नसे. त्याच शाखांत एस७ ची मर्यादा ६० केली. एवढ्याने भागले नाही, कारण शाखेतल्या प्रोग्रामची स्वतःची वाट पाहण्याची मर्यादा वेगळी होती. तीही वाढवावी लागली.

शाखांच्या संगणकांतले सिरिअल पोर्ट तपासले तेव्हा दोन ठिकाणी जुन्या ८२५० प्रकारची चिप निघाली. तिच्यात आलेले अक्षर ठेवायला एकाच अक्षराची जागा असते, तर १६५५०ए या नंतरच्या चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा होतो. त्या दोन संगणकांवर पोर्टचा वेग १९,२०० च्या वर न्यायचा नाही असे ठरवले. कार्ड बदलण्याची गरज नव्हती.

राहिली ती थबकणारी छप्पन केची शाखा. ग्रामीण एक्स्चेंजवरून येणारी ही लाइन व्ही.३४ च्या सुरुवातीच्या तपासणीत बरी दिसे. व्ही.३४ चे मोडेम जोडणीच्या आरंभी १५० ते ३,७५० हर्ट्‌झपर्यंतचे २१ स्वर एकदम सोडून लाइन कुठवर साथ देते ते पाहतात आणि त्यावरून वेग ठरवतात. पाहणीच्या क्षणी लाइन शांत असली की मोडेम मोठा वेग धरे, नंतर घूं असा आवाज वाढला की चुका होत आणि दोन्ही मोडेम पुन्हा नव्याने जुळवून घेत बसत. त्या शाखेच्या मोडेमला १९,२०० ची वरची मर्यादा घातली. कागदावर वेग कमी झाला, पण फाइल न थांबता जाऊ लागली आणि एकूण वेळ घटला. शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावरचा, त्याच लाइनला जोडलेला पॅरलल फोनही काढायला लावला.

परिणाम

फ्लॉपी घेऊन एसटीने जाणे थांबले. १४,४०० च्या शाखांना नवी खरेदी करावी लागली नाही. २४०० चे दोन मोडेम मात्र बदलले, कारण तिथे हिशेब स्पष्ट होता; एकवीस मिनिटांचा एसटीडी कॉल तीन मिनिटांवर आला. त्यांतल्या एका शाखेसाठी पुरवठादाराने आधी स्वस्तातला अंतर्गत मोडेम दिला होता, ज्याचे निम्मे काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. शाखेचा प्रोग्राम डॉसवर चालणारा असल्याने त्याला तो मोडेम दिसलाच नाही. तो परत करून सिरिअल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम घेतला.

काय वेगळे करता आले असते

जळालेला एक मोडेम बदलून दुसरा तसाच चालू ठेवला असता, तर बिघाडाचा पहिला दिवस निम्म्याने हलका झाला असता. जुन्या शाखांना चालू लाइन मिळाली असती आणि तुलनेसाठी काहीतरी हाताशी राहिले असते. एकसारखेपणाचा आग्रह इथे महागात पडला.

मोडेम सुस्थितीत असतानाच एटी&व्ही ही आज्ञा देऊन पडद्यावर येणारी सेटिंग्ज छापून ठेवायला हवी होती. जळालेल्या मोडेमबरोबर एस० आणि पोर्टच्या वेगाची माहितीही गेली, आणि कपाटातल्या दुसऱ्या मोडेमची सेटिंग्ज तीच होती की नाही हे कोणालाच सांगता येईना. शाखांच्या मोडेमांची यादी करताना खोक्यावरचा वेग लिहून पुरत नाही. कोणती पद्धत, एरर करेक्शन आहे की नाही, सिरिअल पोर्टची चिप कोणती आणि प्रोग्राम कशावर चालतो, एवढे लिहिले असते तर व्ही.एफसीचा उलगडा पहिल्याच दिवशी झाला असता.

निदानाचा क्रमही उलटा हवा होता. शाखांना फोन करून तिथल्या सेटिंग्ज बदलायला सांगण्यात सुरुवातीचा बराच वेळ गेला, आणि प्रत्येक शाखेत वेगवेगळे बदल झाल्याने पुढची तुलना अवघड झाली. सर्व्हर आणि त्याच्या शेजारचा मोडेम यांच्यातली जोडणी मुख्य कार्यालयात बसूनच तपासता येत होती. तिथून सुरुवात केली असती तर गेटीचा आणि फ्लो कंट्रोलचा प्रश्न एकाही शाखेला त्रास न देता सुटला असता.

शेवटचा मुद्दा विजेचा. नव्या मोडेमांना विजेच्या बाजूने संरक्षण होते, टेलिफोनच्या बाजूने नव्हते. पहिला मोडेम मात्र टेलिफोनच्या तारेतून आलेल्या धक्क्यानेच गेला होता. दोन्ही लाइनवर गॅस ट्यूबचे अरेस्टर (विजेचा धक्का जमिनीत सोडणारी साधने) आणि त्यांना स्वतंत्र अर्थिंग ही कामे दिवाळीनंतर झाली, म्हणजे परतीच्या पावसातल्या विजा होऊन गेल्यावर. ती नवे मोडेम लावण्याच्या आधी व्हायला हवी होती.